वाळीत टाकणे: ओळख, परिणाम आणि उपाय

वाळीत टाकणे म्हणजे एखाद्या माणसाशी किंवा घराशी गावाने, भावकीने किंवा जातीने ठरवून व्यवहार तोडणे. भांडणानंतरचा अबोला दोन माणसांतला असतो. दोघांपैकी कोणीही तो मोडू शकतो. वाळीत टाकलेल्या घराशी मात्र ज्यांचे काहीच वाकडे नाही तेही बोलेनासे होतात, कारण बोलणाऱ्याला दंड असतो. या दुसऱ्या दंडावरच बहिष्कार उभा राहतो. पंच चार-पाच असतात. गिरणीवाला दळण परत पाठवतो, शेजारीण विरजण मागायला येईनाशी होते, मजूर कबूल करूनही शेतावर फिरकत नाही, तेव्हा बहिष्कार प्रत्यक्षात येतो. त्यामुळे त्यातून बाहेर पडण्याचा विचार करताना पंचांइतकाच या भ्यालेल्या शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो.

प्रकार एकच, नावे अनेक. जुन्या मराठीत त्याला ग्रामण्य म्हणत. कोकणात निर्णय गावकी घेते, काही जातींत जातपंचायत बसते, कुठे त्याला समाजाची कमिटी म्हणतात तर कुठे जमात. कारणेही वरवर वेगवेगळी दिसतात. कोणी जातीबाहेर लग्न केलेले असते, कोणी पंचांचा निवाडा न मानता कोर्टात गेलेला असतो, कोणी गावकीच्या वर्गणीचा हिशोब मागितलेला असतो, कोणी निवडणुकीत ठरलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरलेला असतो. खोलात गेले की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते: कोणीतरी ठरवणाऱ्यांच्या अधिकाराबद्दल प्रश्न विचारलेला असतो. रूढी, देव, गावाची अब्रू ही कारणे त्यावर नंतर चढवली जातात.

हे हत्यार दुबळ्यांवरच चालते असे नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला आणि त्यावरून मोठे ग्रामण्य झाले. त्यात लोकमान्य टिळक होते, महादेव गोविंद रानडेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर अनेकांनी प्रायश्चित्त घेतले. रानड्यांनी ते स्वतःसाठी घेतले नाही. बहिष्कारामुळे अडचणीत आलेल्या स्नेह्यांची सोडवणूक व्हावी म्हणून घेतले, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. ज्याला स्वतःला वाकवता येत नाही त्याच्या जवळच्यांना धरायचे, ही बहिष्काराची रीत त्या प्रकरणात स्वच्छ दिसते. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावानेही तेच केले. त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरच बहिष्कार पडेल, अशी ती तजवीज होती. कर्वे पुण्यात होते. झळ मुरूडला राहणाऱ्या आईला आणि भावाला बसली.

दलितांच्या बाबतीत हेच हत्यार पोटावर चालवले गेले. शेती सवर्णांची, किराणा सवर्णांचा, वाट सवर्णांच्या शेतातून. अशा गावात चार घरांनी हक्काचे पाणी मागितले तर मजुरी, उधारी आणि रस्ता एका दिवसात बंद करता येत असे. महाडच्या 1927 च्या सत्याग्रहानंतर हा अनुभव आला. म्हणूनच गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या मागण्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्काराला स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्याची व्याख्याही दिली. घर किंवा जमीन वापरू न देणे, कामावर न ठेवणे, व्यवहार नाकारणे, रूढीप्रमाणे ठेवले जाणारे सामाजिक संबंध तोडणे हे सारे त्या व्याख्येत आहे. ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून त्यांनी ती थोड्या फरकाने घेतली होती. महाराष्ट्रात सध्याचा बहिष्कारविरोधी कायदा व्हायला पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ गेला.

बहिष्कार कसा ओळखावा

बहिष्काराचा ठराव सहसा कागदावर येत नाही. तो देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात किंवा कोणाच्या अंगणात तोंडी होतो आणि तोंडोतोंडी पसरतो. ज्याच्यावर तो पडतो त्या घराला बरेचदा शेवटी कळते. आधी पानसुपारीचे बोलावणे चुकते. मग बारशाचे, हळदीचे, लग्नाचे. शिमग्यात पालखी शेजारच्या दारापर्यंत येते आणि पुढे न येता वळते. गावच्या व्हॉट्सॲप गटातून नाव निघते. दुकानदार माल संपल्याचे सांगतो, पण मागच्या गिऱ्हाइकाला तोच माल देतो. सोयरीक ठरत आलेली असताना मुलाकडचे कारण न देता मागे फिरतात.

यांतली एखादी गोष्ट सुटी घडली तर ती नाराजी असू शकते. तीन-चार वेगवेगळ्या घरांनी एकाच आठवड्यात सारखेच वागायला सुरुवात केली आणि विचारल्यावर कोणी “आमच्यावर दंड बसेल” किंवा “वरून सांगितलंय” असे म्हणाले, तर तो बहिष्कार समजावा. हे वाक्य कोण, कुठे, केव्हा म्हणाले याची नोंद पुढे फार उपयोगी पडते.

सर्वांत कठोर क्षण मयताचा. घरात माणूस गेलेला असतो आणि खांदा द्यायला चौघे मिळत नाहीत. बाकी सगळे सोसलेली कुटुंबे या ठिकाणी मोडतात, आणि पंचांना हे ठाऊक असते. म्हणून घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असलेल्या बहिष्कृत कुटुंबाने परगावच्या नातेवाईकांशी आणि एखाद्या सामाजिक संघटनेशी आधीच बोलून ठेवावे. हे बोलणे अवघड असले तरी टाळू नये.

माणसावर आणि गटावर होणारे परिणाम

वगळले जाण्याची वेदना किती खोल असते याचा अभ्यास मानसशास्त्रात झाला आहे. किपलिंग विल्यम्स हे संशोधक एकदा बागेत बसले असताना दोघा अनोळखी माणसांची उडती तबकडी त्यांच्याजवळ आली. त्यांनी ती परत फेकली, थोडा वेळ तिघे खेळले आणि मग त्या दोघांनी त्यांच्याकडे तबकडी फेकणे थांबवले. एवढ्याशा गोष्टीने आपण का दुखावलो, या प्रश्नातून त्यांचे प्रयोग सुरू झाले. संगणकावरच्या चेंडूच्या साध्या खेळात काही मिनिटे वगळले गेलेल्या लोकांनाही आपण कोणाचे नाही, आपली किंमत नाही, आपल्या हातात काही नाही आणि आपण असून नसल्यासारखे आहोत, असे वाटू लागते. समोर माणसे नसून संगणक आहे हे आधी सांगितले तरी ते वाटते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणाच्या एका अभ्यासात, वगळले जात असताना मेंदूचा जो भाग जागा झाला तो शारीरिक वेदनेशीही निगडित असल्याचे आढळले.

अनोळखी लोकांच्या खेळात काही मिनिटांत हे होते. गावच्या बहिष्कारात तर ओळखीची माणसे असतात, जन्माचे गाव असते आणि काळ वर्षांचा असतो. सुरुवातीला राग आणि धावपळ असते; माणूस दारोदार जाऊन बाजू मांडतो. पुढे तो स्वतःची चूक शोधू लागतो. फार काळ गेला की तिसरी अवस्था येते. तो बाहेर पडणे सोडतो, जेवण-झोप बिघडते, कोणाशीच काही नको असे म्हणू लागतो. बाहेरून हे शांतपण दिसते, पण काळजी करायची ती याच टप्प्यावर. “आमच्यामुळे सगळ्यांना त्रास होतो” किंवा “आता जगून काय करायचं” असे घरातले कोणी बोलले तर त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांची मदत लगेच घ्यावी. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते.

बायका आणि मुले यांच्या वाट्याला बहिष्कार जास्त येतो. पुरुष कामासाठी तालुक्याला जातो, तिथे चार माणसे त्याच्याशी बोलतात. बाईचा दिवस मात्र पाणवठा, नदी, भिशी, बचतगट आणि हळदीकुंकू यांतच जातो, आणि तेच बंद होते. माहेर त्याच जातीतले असेल तर माहेरचे दारही मिटते. मुलीला घरात घेतले म्हणून आईबापांना दंड भरावा लागल्याची उदाहरणे आहेत. मुलांना बहिष्काराचे कारण कळत नाही. कालपर्यंत सोबत शाळेत जाणारा मित्र आज पुढे निघून जातो, एवढेच त्यांना दिसते. मुलांपासून हे लपवू नये. मोठ्यांच्या भांडणामुळे हे घडते आहे, तुझी काही चूक नाही, हे त्यांना साध्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावे. वर्गशिक्षकांना भेटून परिस्थिती सांगितली, तर निदान बाकावर आणि डब्याच्या वेळी मूल एकटे पडणार नाही एवढे पाहता येते.

बहिष्कार टाकणाऱ्या गटाचेही नुकसान होते, फक्त ते हळू होते. एक घर वाळीत पडले की बाकीची शंभर घरे गप्प होतात. जत्रेच्या पैशांचा हिशोब कोणी विचारत नाही, पंचाच्या मुलाच्या चुकीबद्दल कोणी बोलत नाही, दंडाची रक्कम कुठे गेली हे कोणालाच माहीत नसते. शिकलेली मुले शहराकडे जातात ती परत येत नाहीत. हे गप्प बसणे पंचांना एकी वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक घर पुढचा नंबर आपला नसावा एवढीच काळजी करत असते.

पहिले काही दिवस

बहिष्कार पडल्याचे कळले की बहुतेक घरे दोनपैकी एक गोष्ट करतात. कोणी रात्रीत दंड भरून, पाया पडून मोकळे होतात. कोणी चौकात जाऊन शिवीगाळ करतात. दोन्ही अंगाशी येतात. एकदा भरलेला दंड पुढच्या दंडाची वाट मोकळी करतो, आणि शिवीगाळीचे निमित्त करून उलट तक्रार दाखल होते. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी.

बहिष्कार तोंडी असल्यामुळे लिहून ठेवणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे. तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय म्हणाले, त्या वेळी आणखी कोण हजर होते, एवढे दर प्रसंगाला लिहावे. ठरावाचा कागद, दंडाची पावती, गावकीच्या वहीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचा संदेश किंवा ध्वनिमुद्रण मिळाले तर ते ज्या फोनवर आले तो मूळ फोन जपावा. केवळ पुढे पाठवलेली प्रत पुरेशी ठरेलच असे नाही. नेहमी मिळणारी लग्नपत्रिका या वर्षी आली नाही हे सिद्ध करणे कठीण असते, पण मागच्या वर्षांच्या पत्रिका घरात असतील तर त्याही पुराव्याला जोड देतात. दंड मागितला गेला तर “लेखी द्या” एवढेच शांतपणे म्हणावे. दंड आधीच दिलेला असेल तर तो कोणाच्या हाती, कोणासमोर आणि कुठून काढून दिला याची नोंद करावी. बँकेतून काढलेल्या रकमेची तारीख उपयोगी पडते.

कायद्याचा आधार

‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, 2016’ हे महाराष्ट्रातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचे पूर्ण नाव आहे. तक्रारीत ते जसेच्या तसे लिहावे. त्यामागे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायत मूठमाती अभियानाचे काम आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीत, 2013 मध्ये ते सुरू झाले, आणि त्यातून पुढे आलेल्या कुटुंबांमुळे हा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोचला. विधेयक एप्रिल 2016 मध्ये एकमताने मंजूर झाले, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 पासून कायदा लागू झाला.

याआधी मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून समाजातल्या सुधारकांनी 1986 मध्ये याचिका केली. 2023 मध्ये घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. धार्मिक संस्थेचा अधिकार कुठे संपतो आणि माणसाचा हक्क कुठे सुरू होतो, हा त्यातला प्रश्न आहे.

2016 च्या कायद्यात बहिष्काराची व्याख्या मोठी आहे. लग्न, अंत्यविधी किंवा इतर विधी करू न देणे, प्रार्थनास्थळ, स्मशान, समाजमंदिर किंवा शाळा वापरू न देणे, जातीतून काढणे, विशिष्ट पोशाखाची सक्ती करणे, बहिष्कारासाठी चिथावणे हे त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही दोषी धरला जातो. अशी बैठक होणार असल्याचे आधी कळले तर जिल्हाधिकारी ती रोखू शकतात, म्हणून बैठकीची कुणकुण लागताच त्यांच्याकडे अर्ज देणे शहाणपणाचे.

तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातले कोणीही पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकते. ठाण्यात बरेचदा “हा तुमच्या समाजातला आपसातला मामला आहे” असे ऐकावे लागते आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून परत पाठवले जाते. या गुन्ह्यात एनसीवर समाधान मानू नये. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत मोफत मिळते. नकार मिळाला तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोचदेय टपालाने पाठवावी, पोच सांभाळावी, आणि तरीही हालचाल नसेल तर न्यायालयात जावे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असे कायदा सांगतो. गुन्हा जामीनपात्र असल्याने आरोपी लवकर गावात परततात, हे ध्यानात ठेवून तक्रारीतच संरक्षणाची मागणी लिहावी. तातडीच्या धोक्यात 112 वर फोन करावा.

एक फरक समजून घेणे गरजेचे आहे. हा कायदा एकाच समाजातल्या लोकांनी आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्कारासाठी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबावर इतरांनी सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकला, किंवा तशी धमकी दिली, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो त्यात स्पष्ट शब्दांत आला. तिथे शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आहे आणि तपास वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. चुकीच्या कायद्याखाली तक्रार गेली तर प्रकरण कमकुवत होते, म्हणून आधी वकिलाला विचारावे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. चौकशीचा क्रमांक 15100 आहे.

शेजाऱ्यांच्या हातात काय आहे

गावात प्रत्येकाने उघड बंड करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. त्यांनाही त्याच गावात राहायचे असते. पण बहिष्कार पूर्ण असेल तरच टिकतो. एका दुकानदाराने माल देणे सुरू ठेवले, एका रिक्षावाल्याने दवाखान्यापर्यंत नेले, एका म्हातारीने ओट्यावर बसवून चहा दिला, की बाकीच्यांना ते दिसते. एकट्याला भीती वाटत असेल तर चार-पाच घरांनी एकाच दिवशी बोलणे सुरू करावे. सगळ्यांना एकदम दंड करणे पंचांना जमत नाही. ज्यांच्यावर गावकीचा दाब कमी असतो त्यांची जबाबदारी जास्त: शिक्षक, डॉक्टर, ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका, नोकरीनिमित्त शहरात राहणारे गावकरी. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने वर्गणी थांबवू असे कळवले की गावकीचा सूर बदलतो, कारण उत्सव बहुतेक त्याच पैशांवर चालतो.

साक्ष देणे हा त्यापुढचा टप्पा. ते जमत नसेल तर निदान खोटी साक्ष देऊ नये आणि बहिष्कृत घराच्या वहीतली खरी नोंद नाकारू नये.

तडजोड करताना

बरीच प्रकरणे शेवटी तडजोडीने मिटतात, आणि त्यात कमीपणा नाही. कुटुंबाला त्याच गावात नांदायचे असते. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर कायद्यानेही तडजोड करता येते. पण तडजोड पोलीस किंवा न्यायालयाच्या समोर आणि लेखी व्हावी. बहिष्कार मागे घेतला, पुन्हा टाकणार नाही, घेतलेला दंड परत केला, हे तीन मुद्दे तिच्यात असावेत. जातीत परत घेण्यासाठी गावजेवण, शुद्धीकरण किंवा माफीचा विधी मागितला गेला तर तो मान्य करू नये, कारण त्यात चूक कुटुंबाची होती हे पुन्हा कबूल करून घेतले जाते. ठराव जितक्या उघडपणे पसरला होता तितक्याच उघडपणे तो मागे घेतल्याचे गावाला सांगितले जावे. ग्रामसभा ही त्यासाठी चांगली जागा.

कागद झाला म्हणून येणे-जाणे लगेच सुरू होत नाही. पहिले काही महिने लोक अवघडलेले असतात, नजर चुकवतात. घरानेही पहिल्याच दिवशी सगळ्यांशी सगळे पूर्ववत व्हावे असा हट्ट धरू नये. ज्या घरांनी भीतीपोटी बोलणे सोडले आणि ज्यांनी पुढाकार घेऊन छळ केला, त्यांच्यात फरक करावा. पहिल्या घरांशी देवघेव एखाद्या लहान कारणाने सुरू करता येते: मळ्यातली भाजी पाठवणे, मुलाच्या निकालाचे पेढे देणे. वही मात्र निदान वर्षभर चालू ठेवावी आणि तडजोडीच्या कागदाची एक प्रत गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवावी.